भेसळीचा पुरावा

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटात रस्त्यासाठी कापलेला कातळ वरपासून खालपर्यंत काळाच दिसतो. मध्येच गेरूचा तांबडा पट्टा, मध्येच भोकाभोकांचा, पांढरे ठिपके पडलेला मांजऱ्या खडक. तेवढं सोडलं तर एका थरातून दुसऱ्यात कधी शिरलो ते डोळ्याला कळत नाही. भूशास्त्राच्या लेखी मात्र या एका उतारावर लाव्ह्याचे तीन वेगळे गट आहेत. वर महाबळेश्वर, त्याखाली आंबेनळी, तळाकडे पोलादपूर. यांच्यातल्या सीमा दगडाच्या रंगरूपावरून ठरलेल्या नाहीत. त्या प्रयोगशाळेत ठरल्या आहेत, टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांच्या प्रमाणावरून.

१९८०च्या दशकात कीथ कॉक्स, ख्रिस हॉक्सवर्थ आणि इतर अभ्यासकांनी सह्याद्रीतल्या घाटांमधून थरामागून थर नमुने घेऊन ही वर्गवारी उभी केली. त्या आधी दख्खनचा बेसाल्ट म्हणजे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा एकसुरी खडक, असंच चित्र होतं. विहीर खणणाऱ्यांनी ते कधीच मानलं नव्हतं म्हणा. त्यांच्या हिशेबात कातळ वेगळा, मांजऱ्या वेगळा, मुरूम वेगळा, कारण प्रत्येकाची पाण्याशी वागणूक वेगळी. पण त्यांची वर्गवारी आणि रसायनाची वर्गवारी एकमेकींशी जुळत नाहीत. दोन्ही खऱ्या आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

रसायनवाल्यांचा प्रश्न असा होता: हा रस वर येताना कशाकशातून आला? स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं गुणोत्तर इथे कामी येतं. रुबिडियम-८७चा ऱ्हास होऊन स्ट्रॉन्शियम-८७ तयार होतं. खंडाच्या जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर असतं, म्हणून अब्जावधी वर्षांत तिथलं गुणोत्तर चढत जातं. कवचाखालच्या खोल प्रावरणात ते कमी राहतं. आंबेनळी गटाचं गुणोत्तर ०.७०४च्या आसपास आहे, म्हणजे रस जवळजवळ जसा निघाला तसा वर आला. या तिन्ही गटांच्या खाली असलेल्या बुशे गटात ते ०.७१३च्या पुढे जातं. दिसायला तोही बेसाल्टच. पण त्यात कवच मिसळलेलं आहे, आणि सिलिकाही त्यामुळे वाढलेली आहे.

साहजिकच आंबेनळीला मान मिळाला. प्रावरणाचा निर्भेळ नमुना हवा असेल तर इथे या. रीयुनियन बेटाखालच्या उष्ण स्रोतामुळे दख्खन पेटला की नाही, हा वाद घालणाऱ्यांनाही हाच दगड लागतो. बुशे मात्र बिघडलेला, ज्यातून मूळ काढायचं तर आधी भेसळ वजा करावी लागते. मला ही प्रतवारी पटत नाही. आंबेनळीकडून कळतं ते प्रावरणाबद्दल. पायाखालच्या खंडाबद्दल तो जवळजवळ गप्प आहे. लाव्ह्याने झाकलेल्या या भागात खाली काय दडलंय याची खूण सांगणारा बुशे आहे.

त्यातही एक गंमत आहे, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. शिकवण अशी असते की मॅग्मा जितका थंडावत, स्फटिक गाळत जातो तितका त्याला भिंतींचा खडक गिळायला वेळ मिळतो, म्हणून उत्क्रांत लाव्ह्यात भेसळ जास्त. सह्याद्रीत कॉलिन डेव्ही आणि कॉक्स यांना १९८७ साली उलटं दिसलं. ज्यात मॅग्नेशियम जास्त, म्हणजे जो अधिक तप्त, त्यातच कवच जास्त मिसळलेलं. गरम चहात साखर जास्त विरघळावी, तसं. भेसळीने तापमानही सांगून टाकलं, जे निखळ लाव्ह्याला एकट्याने सांगता आलं नसतं.

कवचाचा तो खडक नंतर प्रत्यक्ष हातीही लागला. कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी रासाटीजवळ खोल वेध घेतला तेव्हा ९३३ मीटर बेसाल्टनंतर थेट ग्रॅनाइट-नाइस निघाला. मध्ये गाळाचा थर नाही.

एवढं झाल्यावर रसायनाला हाताचा ठसा समजण्याचा मोह होतो. राजमहेंद्रीजवळचा लाव्हा रासायनिकदृष्ट्या आंबेनळी आणि महाबळेश्वर गटांशी जुळतो. महाबळेश्वरपासून ती जागा आठशे किलोमीटरहून जास्त दूर. जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून लाव्हा तिथवर वाहत गेला असावा, अशी मांडणी २००८मध्ये झाली, आणि ती मला पटते. पण मंडला-जबलपूर बाजूचा बराच बेसाल्टही मूलद्रव्यांच्या प्रमाणात आंबेनळी-पोलादपूरसारखा निघाला, आणि शिशाच्या समस्थानिकांनी त्यातल्या अनेक नमुन्यांचं त्या गटांशी असलेलं नातं नाकारलं. म्हणजे सारखा रस दोन ठिकाणी, दोन मार्गांनी तयार होऊ शकतो. रसायन सारखं म्हणून काळही एकच, असं त्यावरून म्हणता येत नाही.

डायनोसॉरांच्या अंताला दख्खनचे उद्रेक कारणीभूत होते का, हा वाद याच ठिकाणी येऊन अडतो. २०१९मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी दख्खनचं वय मांडलं. एकाने गेरूच्या थरांतल्या झिरकॉनवरून, दुसऱ्याने आरगॉनवरून. पहिल्या गटाला उद्रेकांचे चार झटके दिसले, त्यातला एक मोठा विनाशाच्या थोडा आधी. दुसऱ्याच्या मते बहुतांश लाव्हा विनाशानंतर आला. घाटातल्या एखाद्या थराचं वय काढणं हा यातला एक भाग झाला. त्या काळात एकूण किती लाव्हा ओतला, हे सांगायचं तर तो थर शेकडो किलोमीटर कुठवर पसरला ते ठरवावं लागतं, आणि ते ठरतं याच रासायनिक गटांवरून. मंडल्याचा अनुभव लक्षात घेतला तर लाव्ह्याच्या आकारमानाचे आकडे मी वयाच्या आकड्यांपेक्षा बऱ्याच सावधपणे वाचतो.