ऊन सर्वांचे, वीज कोणाची?

उन्हाला मालक नाही. पारनेरच्या माळावर ते जसे पडते तसेच नगरच्या मोहल्ल्यातल्या पत्र्यावरही पडते. कोळशाची खाण असते, तेलाची विहीर असते, तिच्यावर कोणाचा तरी ताबा असतो. ऊन आणि वारा यांचे तसे नाही. म्हणूनच सौर आणि पवन ऊर्जेचा विषय निघाला की आपण धरून चालतो, की ही ऊर्जा जशी स्वच्छ आहे तशी न्याय्यही असणार. धूर नाही, म्हणजे जुलूमही नाही! हे गृहीत एकदा तपासून पाहावे असे आम्हांला वाटते. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. विजेच्या धंद्यातले बारकावे आमच्या हाती नाहीत. पण वाटणीचा प्रश्न केवळ इंजिनियरांचा नसतो, तो सर्वांचा असतो.

आधी जे साधले ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. प्रकाशापासून वीज मिळते हे फ्रान्सच्या बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखवले. उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. अंगावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे सहा टक्के उन्हाचीच तो वीज करू शकत असे. आज बाजारातले चांगले पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक करते. २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनेलच्या किमती सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या. जी वस्तू एकेकाळी उपग्रहांवर बसत होती ती आता शेताच्या बांधावर दिसते.

आमच्या जिल्ह्याला (२०२४ पासून तो अधिकृतपणे अहिल्यानगर झाला) निसर्गाच्या बळावर काम करून घेणे नवे नाही. निजामशाहीत डोंगरपायथ्याचे पाणी खापरी नळांतून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले गेले होते. आज सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ परावर्तक तबकड्या बसल्या आणि उन्हाने केलेल्या वाफेवर हजारोंचे जेवण शिजू लागले. अकोले तालुक्यात घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. वीज शिल्लक असेल तेव्हा खालच्या धरणातले पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज घ्यायची, अशी त्याची रीत. चढवायला जेवढी वीज लागते त्याहून कमीच परत मिळते, पण वेळेवर मिळते. सौर विजेची मोठी अडचण नेमकी हीच आहे. सूर्य मावळतो त्याच वेळी घराघरांत दिवे लागतात. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायला पैसा लागतो, आणि पैसा आला की वाटणीचा प्रश्न आलाच.

अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. पाणी, चारा आणि आग या तीन बाबतींत माणसे एकमेकांची भागीदार आहेत, असा तिचा आशय. जगण्याला लागणाऱ्या गोष्टी कोणी एकट्याने अडवून बसू नये, हा त्यातला हेतू. इस्लामी कायद्याच्या पंडितांनी पुढे त्याचा बारकाईने विचार केला. नदीचे पाणी सर्वांचे, पण ज्याने कष्टाने घागर भरून आणली त्याच्या घागरीतले पाणी त्याचे. तो ते विकूही शकतो. म्हणजे कष्ट आणि खर्च करणाऱ्याचा हक इथे नाकारलेला नाही. मात्र घागर भरणाऱ्याने नदीचा घाट अडवू नये. सौर ऊर्जेचा नैतिक प्रश्न आम्हांला इथेच सापडतो. पॅनेल ही घागर आहे. मग घाट कोणता?

पहिला घाट जमिनीचा. शेतीपंपाला वीज वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीच्या पाळीला उसात पाणी धरायला जाणे म्हणजे साप आणि बिबट्या यांच्या वाटेने जाणे, हे संगमनेर-राहुरीकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याला दिवसा वीज देण्यासाठी राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिचा आरंभ आमच्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी आणि यवतमाळचे कोळंबी या दोन गावांतून झाला. हे काम मोलाचे आहे. यात माणसांचे जीव वाचतात. पण एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. खाजगी जमीन दिली तर योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे ठरले. म्हणजे जमीनवाल्याला भाडे मिळाले. गायरानावर प्रकल्प आला तर? गायरान कागदावर शासनाचे, पण व्यवहारात ते चार बकऱ्या बाळगणाऱ्या विधवेचे, मेंढपाळाचे, भूमिहीनाचे असते. ग्रामपंचायतीला अनुदान मिळेल, फिडरवरच्या बागायतदाराला दिवसा पाणी मिळेल. ज्याला ना शेत ना पंप, त्याच्या बकरीचा चारा मात्र कुंपणाआड गेला. आगीच्या वाटणीसाठी चाऱ्याची वाटणी मोडली, असा हा पेच आहे.

दुसरा घाट छताचा. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरावर तीन किलोवॅट वा अधिकची यंत्रणा बसवणाऱ्याला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले. पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे सर्वांचा. पण छत कोणाचे? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे छत घरमालकाचे. तीन भावांच्या जुन्या वाड्यात सही कोणाची घ्यायची याचाच वाद. पत्र्याच्या घरावर तर पॅनेलचे ओझे पेलायचीच शंका. काडेपेटी घेतानाही कर भरणारा माणूस या अनुदानात भागीदार आहे, लाभात नाही.

तिसरी गोष्ट घाटाची नाही, गाळाची आहे. पॅनेलचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षे. त्यात काच, ॲल्युमिनियम, तांबे आणि थोडे शिसेही असते. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला, हे चांगले झाले. पण नियम कागदावर राहिले तर जुने पॅनेल शेवटी कोठे येईल? भंगारच्या दुकानात. आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबे याच धंद्यावर जगतात. विजेत वाटा नाही आणि विषात मात्र आहे, असे होऊ नये.

कोणी म्हणेल, मी ऊन घेतले म्हणून दुसऱ्याचे ऊन कमी होत नाही, मग माझा दोष काय? हे खरे आहे आणि ज्याने आपल्या पैशाने पॅनेल बसवले त्याला दोष देण्याचे कारणही नाही. पण कमी ऊन होत नसते. कमी होते ती जागा, तो निधी, ती तार. दिवसा उरलेली वीज तारेत सोडून रात्री तेवढीच परत घेणारा माणूस त्या तारेचा घडवंचीसारखा वापर करतो. ती तार सांभाळण्याचा खर्च बिल भरणाऱ्या सगळ्यांवर पडतो. म्हणून, 'माझे छत, माझी वीज' एवढ्यावर हिशेब मिटत नाही.

उपाय नाहीत असे नाही. ज्या जिल्ह्यातील प्रवरेच्या काठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले, त्याला भागीदारी शिकवावी लागू नये. गुजरातेतील धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी संस्था केली. पाणी देऊन उरलेली वीज ते विकू लागले. दिल्लीत २०१९ पासून एका ठिकाणच्या पॅनेलची वीज अनेकांच्या बिलांत वाटून लावण्याची तरतूद आहे. भाडेकरूला वाटा मिळण्याची वाट तीच. गायरानावर प्रकल्प करायचाच तर भाड्यातला पहिला हक तिथे चारणाऱ्यांचा धरावा आणि ग्रामसभेत तो विचार त्यांच्यासमोर व्हावा.

आणि आपल्या हाती काय आहे? मशिदी, मदरसे, शादीखाने यांची प्रशस्त छते दिवसभर तापत असतात. आपल्या बुजुर्गांनी विहिरी आणि सराया बांधून सदका-ए-जारिया ठेवला. आज त्याच नियतीने अशा छतावर पॅनेल बसवून शेजारच्या शाळेचे, दवाखान्याचे दिवे लावता येतील. मग कोणत्या जमातीची मुले तिथे येतात हे त्या दिव्याने विचारू नये, म्हणजे झाले. ऊन तसे विचारत नाही. ते वाटून देण्याची जबाबदारी तेवढी माणसावर आहे, आणि हिशेब उन्हाचा नव्हे, त्या वाटणीचा द्यावा लागणार आहे.