निदान एवढं तरी

कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, ते खात नाही, जवळ गेलं की गुरगुरतं. एवढ्यावरून आपण ठरवून टाकतो, पिसाळलं. हा शब्द निघाला की हात काठीकडे जातो. भीती खरी असली म्हणजे निवाडाही खरा होतो का?

इतवारीत सौद्यासाठी माझं वर्षानुवर्षं जाणंयेणं आहे. पोत्यांच्या थप्प्यांआड, दुकानांच्या पायऱ्यांशी तिथं कुत्री वाढतात. असंच एक कुत्रं एका ओट्याखाली बसलं होतं. भाकर समोर असून तोंड उघडत नव्हतं. "दूर राहा बाप्पा, पिसायलं हाये थे!" हमाल ओरडला. दोघातिघांनी काठ्या उचलल्या. म्हातारा दुकानदार मध्ये आला. म्हणाला, "मारू नका, अन् हातही लावू नका." मग कुत्री पकडणाऱ्यांना बोलावलं. जाळी टाकून ते त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

दवाखान्यातही त्याला आधी वेगळ्या पिंजऱ्यातच ठेवलं. बरोबरच होतं. पिसाळलेल्या कुत्र्याचंही तोंड असंच बिघडतं, जबडा लुळा पडतो, लाळ गळते. माणूस म्हणतो, घशात हाडूक अडकलं असेल, आणि हात घालतो. तिथंच जीव जातो, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही. चावा झाला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून लगेच लस घ्यावी लागते.

कुत्रं दिवसागणिक खंगलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी भूल देऊन तपासलं. कानासमोर बोट ठेवून आपलं तोंड उघडून पाहा, हाड हलताना लागतं. तोच जबड्याचा सांधा. कुत्र्यांच्या भांडणात तिथं दात रुततो, नाही तर फुटक्या कानातला पू आत उतरतो. मग तोंड उघडणं म्हणजे मरण. एक्स-रे काढला, सुईनं पू काढून तपासायला दिला. पू वाहून जाऊ दिला, त्या जंतूंवर चालणारं औषध कित्येक आठवडे दिलं, खायला पातळ पेज. घरातल्या माणसाच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र कुत्र्याला देऊ नयेत, त्यानं ते मरूही शकतं.

नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जनावराचा छळ हा गुन्हा, असं १९६० चा कायदा सांगतो. पण ओट्याखालच्या कुत्र्याचं नशीब ठरतं ते काठी उचलण्याआधीच्या क्षणात.

सावध राहणं आणि शिक्षा देणं या दोन गोष्टी आहेत. अंतर ठेवणं हा आपला हक्क आहे, पण न पाहता दोषी ठरवणं हा हक्क नाही. बैलानं चारा सोडला की आपण वैद्याला बोलावतो, कारण तो आपल्या कामाचा. घरातला म्हातारा चिडचिड करतो, तर "डोकं फिरलं" म्हणून मोकळे होतो. त्याची दाढ ठणकते का, कोण विचारतं?

आपल्या भाषेत रोग ओळखण्याला निदान म्हणतात, आणि "कमीत कमी" यालाही निदान म्हणतात. मुक्या जिवासाठी दुसरं काही जमलं नाही, तरी निदान एवढं करावं.