मधली तेवीस वर्षं

२०१६ मध्ये लंडनच्या ओल्ड विक थिएटरमध्ये ऐंशी वर्षांच्या ग्लेंडा जॅक्सन ‘किंग लिअर’मधला लिअर करायला उभ्या राहिल्या, तेव्हा सगळीकडे ‘पुनरागमन’ हा शब्द गाजला. आधीची तेवीस वर्षं त्या ब्रिटिश संसदेत होत्या. पुनरागमन म्हटलं की मधला काळ वाया गेलेला ठरतो, आणि जॅक्सन यांच्या बाबतीत तो धडधडीत अन्याय आहे.

बर्कनहेडजवळच्या एका गवंड्याची ही मुलगी. औषधांच्या दुकानात नोकरी करता करता हौशी नाटकांत रमली आणि शिष्यवृत्ती मिळवून ‘राडा’ या नाट्यशाळेत गेली. १९६४ मध्ये पीटर ब्रुक यांच्या ‘मारा/साद’नं तिला नाव मिळवून दिलं. पुढे ‘विमेन इन लव्ह’ आणि ‘अ टच ऑफ क्लास’ या चित्रपटांसाठी दोन ऑस्कर मिळाले. ते घ्यायला त्या गेल्या नाहीत. बीबीसीच्या ‘एलिझाबेथ आर’साठी त्यांनी कपाळावरचे केस चक्क भादरून टाकले. आपण कसे दिसतो याची फिकीर न करणं हीच त्यांच्या अभिनयाची खरी ताकद.

१९९२ मध्ये त्या मजूर पक्षातर्फे हॅम्पस्टेड अँड हायगेटमधून निवडून आल्या आणि अभिनय थांबला. इराक युद्धावरून त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला विरोध केला. २०१० ची निवडणूक त्यांनी जिंकली ती अवघ्या ४२ मतांनी.

खासदार म्हणून त्या वृद्धाश्रमांत जात. वय वाढतं तशी बाई आणि पुरुष यांच्यातली रेघ पुसट होत जाते, हे तिथे लक्षात आलं, असं त्यांनी लिअरबद्दल बोलताना सांगितलं आहे. भूमिकेची ही तयारी कुठल्या तालमीत झाली असती? भर वादळात लिअरला आपल्या राज्यातली उघडीवाघडी, उपाशी माणसं पहिल्यांदा आठवतात. जॅक्सन यांना ती आठवावी लागत नव्हती. घराच्या, भत्त्याच्या अडचणी घेऊन येणाऱ्या मतदारांना त्यांनी वर्षानुवर्षं समोर बसून ऐकलं होतं.

२०१८ मध्ये ‘थ्री टॉल विमेन’साठी टोनी पुरस्कार मिळाला. २०१९ च्या ‘एलिझाबेथ इज मिसिंग’मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश झालेली मॉड साकारली. त्याबद्दलच्या मुलाखतींतही त्या भूमिकेवर थांबल्या नाहीत. अशा म्हाताऱ्यांना सांभाळण्याची जबाबदारी समाज कशी उचलणार, यावर बोलत राहिल्या.