प्रशिक्षक : निमित्त की कर्ता?

माणसाच्या अंगी दिसणारे सामर्थ्य त्याचे स्वतःचे मानायचे, की ज्याच्या हाताखाली ते प्रकट झाले त्याचे, हा प्रश्न भारतीय दर्शनांत कार्यकारणभावाच्या चर्चेतून आणि ग्रीक तत्त्वज्ञानात शक्यता व वास्तव यांच्या चर्चेतून फार पूर्वीपासून मांडला गेलेला आहे. मात्र तो उघड्यावर, हजारो लोकांच्या साक्षीने आणि दर आठवड्याच्या निकालासह तपासता येईल अशी जागा शोधायची झाली, तर ती सांघिक खेळांत, आणि विशेषतः रग्बी लीगमध्ये सापडते. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे, ज्यांच्या संघांत गिरणीकामगार आणि खाणकामगार यांचा भरणा होता अशा क्लबांनी, खेळापायी बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूंना मिळावी या मागणीवरून प्रस्थापित रग्बी संघटनेशी फारकत घेतली, आणि त्यातून पुढे तेरा खेळाडूंचा हा वेगळा खेळ घडला. आज त्याची सर्वांत कसदार स्पर्धा ऑस्ट्रेलियातील ‘नॅशनल रग्बी लीग’ ही मानली जाते. या स्पर्धेत एक गोष्ट पुनःपुन्हा घडताना दिसते: खेळाडू तोच, वय एका वर्षाने वाढलेले, प्रतिस्पर्धीही बहुतेक तेच, आणि तरीही प्रशिक्षक बदलताच तो खेळाडू आपल्या आधीच्या रूपाहून निराळा भासावा इतका सुधारतो. यात नेमके काय उत्पन्न झाले, आणि ते कोणापासून झाले, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

सिडनी रूस्टर्स या क्लबचा २००९ ते २०१३ हा काळ या प्रश्नाच्या अभ्यासासाठी मोठा बोलका आहे. २००९ च्या हंगामात हा संघ गुणतालिकेत सर्वांत शेवटी होता. २०१० साली ब्रायन स्मिथ प्रशिक्षक म्हणून आले आणि त्याच वर्षी संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, जेथे वेन बेनेट यांच्या सेंट जॉर्ज इलावारा संघाने त्याला ३२-८ असे हरवले. हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिले जाणारे डॅली एम पदकही त्या वर्षी रूस्टर्सच्या टॉड कार्नीकडे गेले. परंतु पुढच्या दोन हंगामांत, तेच स्मिथ प्रशिक्षक असताना, संघ पुन्हा घसरत गेला आणि २०१२ साली तेराव्या क्रमांकावर येऊन थांबला. त्यानंतर ट्रेंट रॉबिन्सन आले, ज्यांनी आधीची दोन वर्षे फ्रान्समधील पर्पिन्याँ येथील कातालान ड्रॅगन्स संघ सांभाळला होता, आणि पहिल्याच हंगामात रूस्टर्स गुणतालिकेत अव्वल ठरले, प्रतिस्पर्ध्यांना बहाल होणारे गुण आधीच्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आले, आणि अंतिम सामन्यात मॅनलीला २६-१८ असे नमवून त्यांनी विजेतेपद मिळवले.

या घटनाक्रमावरून प्रशिक्षकाच्या अंगी काही अलौकिक शक्ती असल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी दोन आक्षेपांची दखल घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप भारतीय तर्कपरंपरेत काकतालीय न्यायाच्या नावाने ओळखला जातो: कावळा बसला आणि ताडाचे फळ पडले, म्हणून कावळ्यामुळे फळ पडले असे ठरत नाही. याच आक्षेपाला फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली उंचीच्या आनुवंशिकतेवरील आपल्या अभ्यासात संख्याशास्त्रीय रूप दिले. सरासरीपासून फार दूर गेलेल्या मोजमापानंतरचे मोजमाप बहुधा सरासरीकडे परतलेले असते, हा त्याचा आशय. क्लब प्रशिक्षक बदलतात तेच मुळी संघ तळाला गेल्यावर, त्यामुळे सुधारणेचा काही भाग कोणीही आले असते तरी झालाच असता. दुसरा आक्षेप अधिक साधा आहे: २०१३ साली रूस्टर्सकडे नुसता प्रशिक्षकच नव्हे, तर सॉनी बिल विल्यम्स आणि जेम्स मॅलोनी यांच्यासारखे तोलामोलाचे खेळाडूही नव्याने आले होते. हे दोन्ही आक्षेप मान्य करायलाच हवेत, आणि तरीही प्रश्न उरतो, कारण जे आधीपासून तेथेच होते त्यांच्या खेळाच्या गुणवत्तेतच फरक पडला होता, आणि तो फरक गुणफलकापेक्षा बचावाच्या एका बारीक तपशिलात अधिक स्पष्ट दिसतो.

रग्बी लीगमध्ये चेंडू नेणारा खेळाडू पकडला गेला की तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे लोटतो. तेवढ्या अवधीत बचाव करणाऱ्या संघाला, चेंडूसमोर उभे राहणारे दोघे वगळता, दहा मीटर मागे हटून पुन्हा रांग धरावी लागते, आणि आक्रमण करणाऱ्यांना अशा सहा पकडी, म्हणजे टॅकल, होईपर्यंत चेंडू राखता येत असल्याने हा क्रम लागोपाठ अनेकदा चालतो. सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला, शंभर किलोंहून अधिक वजनाचा एखादा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, नुकतीच एक पकड करून गुडघ्यांवर आलेला असतो. त्याने पाठ फिरवून चालत मागे जावे, की चेंडूवरची नजर न काढता उलट्या पावलांनी धावत जावे, हे दोन-तीन सेकंदांत ठरते, आणि त्याने चालणे पत्करले तर रांगेत त्याच्या जागी पडलेल्या खिंडारातून पुढची चाल निघते. याहूनही सूक्ष्म गोष्ट पुढे घडते: रांग धरल्यावर शेजारचा खेळाडू पुढे झेपावणार की बाजूला सरकणार, याविषयी ज्याला खात्री नसते तो अर्धे पाऊल मागे रेंगाळतो. हे अर्धे पाऊल म्हणजे त्याच्या पायांतील बळाचा अभाव नव्हे. नवा प्रशिक्षक आल्यावर बहुधा जे प्रथम नाहीसे होते ते हेच अर्धे पाऊल असते.

सांख्य दर्शनाच्या सत्कार्यवादानुसार कोणतेही कार्य उत्पन्न होण्यापूर्वी आपल्या कारणात अव्यक्त रूपाने असतेच. जे नाही ते कितीही प्रयत्नांनी उत्पन्न होत नाही. या मताने पाहिल्यास सुधारलेला खेळाडू आधीच्या खेळाडूत होताच, आणि या मताच्या बाजूने एक बळकट युक्तिवादही आहे: नसलेले सामर्थ्य जर प्रशिक्षक निर्माण करू शकत असता तर त्याच्या हाताखालचे सगळेच सारखे सुधारले असते, पण तसे कधीही घडत नाही. उलट न्याय-वैशेषिकांच्या असत्कार्यवादानुसार कार्य ही खरोखरच नवी वस्तू असते, आणि उत्पत्तीपूर्वी तिचा ‘प्रागभाव’ म्हणजे अद्याप नसणे, एवढेच सत्य असते. सांख्यांना त्यांनी विचारलेला प्रश्न आजही टोचणारा आहे: सामर्थ्य आधीच होते आणि फक्त त्याची अभिव्यक्ती झाली असे म्हटले, तर ती अभिव्यक्ती तरी आधी होती की नव्हती? होती म्हणावे तर प्रशिक्षकाने काहीच केले नाही असे ठरते, आणि नव्हती म्हणावे तर काहीतरी नवे उत्पन्न झाले हे कबूल करावे लागते.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट पतंजलींच्या योगसूत्रांत, कैवल्यपादाच्या तिसऱ्या सूत्रात आहे. त्या सूत्राचा मूळ विषय एका जन्मातून दुसऱ्या जन्मात होणारे रूपांतर आणि त्यातील धर्माधर्माचे स्थान हा आहे, गुरुशिष्यसंबंध नव्हे. तरी त्यात सांगितलेली कारणाची कल्पना येथे लागू पडते. निमित्त हे प्रकृतीला ढकलत नाही, ते केवळ तिच्या वाटेतला अडसर दूर करते, असे तेथे म्हटले आहे, आणि त्यासाठी शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. व्यासभाष्य तो दाखला उलगडून सांगते: एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी नेणारा शेतकरी ते हाताने ओढून नेत नाही, तर बांध फोडतो आणि पाणी आपल्या स्वभावाने वाहते, तसेच तो मातीतील रस धान्याच्या मुळांत घालू शकत नाही, तर भोवतालचे तण उपटतो आणि रस आपोआप मुळांत शिरतो. हे दृष्टान्त प्रशिक्षकाच्या कामाला विलक्षण नेमके बसतात, कारण त्यांत शेतकऱ्याचे श्रम खरे आहेत, त्याचे ज्ञान खरे आहे, कोणता बांध केव्हा फोडायचा हे त्यालाच कळते, आणि तरीही वाहण्याची क्रिया त्याची नाही. वर सांगितलेले ते अर्धे पाऊल हा असाच बांध आहे. मात्र येथे भाष्याच्या पुढे एक गोष्ट जोडणे भाग आहे: तो बांध खेळाडूच्या आत नसून दोन खेळाडूंच्या मध्ये असतो, कारण त्याचे मूळ शेजाऱ्याविषयीच्या अविश्वासात असते; म्हणूनच एकट्याने घाम गाळून, व्यायामशाळेत कितीही तास घालवून तो फुटत नाही.

तथापि हे चित्रही सर्वत्र पुरे पडत नाही, आणि ते कोठे अपुरे पडते हे जहरोम ह्यूज या न्यूझीलंडच्या खेळाडूच्या कारकिर्दीत दिसून येते. गोल्ड कोस्ट टायटन्स आणि नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज या दोन क्लबांत वरिष्ठ संघाकडून खेळण्याची संधी त्याला जेमतेम मिळाली. २०१७ साली तो मेलबर्न स्टॉर्ममध्ये क्रेग बेलॅमी यांच्या हाताखाली आला, जे २००३ पासून त्या संघाचे प्रशिक्षक असून इतरांनी सोडून दिलेल्या खेळाडूंना उभे करण्यासाठी ख्यातनाम आहेत. संघाच्या मागे राहून शेवटचा बचाव करणारा फुलबॅक ही ह्यूजची जागा होती, पण २०१९ च्या हंगामात त्याला हाफबॅकच्या, म्हणजे प्रत्येक चालीची दिशा ठरवणाऱ्या खेळाडूच्या जागी आणले गेले, आणि २०२४ साली त्याच जागेवर खेळताना त्याने डॅली एम पदक पटकावले. दुसऱ्या क्लबांत ज्याला बाकावर बसवण्याइतकेही महत्त्व नव्हते, त्याच्यात देशातील सर्वोत्तम हाफबॅक आधीपासून दडलेला होता असे म्हणणे शब्दांना ताण देणे ठरेल. सहाव्या, म्हणजे शेवटच्या, टॅकलपूर्वी चेंडू लाथाडायचा की हातांत ठेवायचा हा निर्णय शेकडो सामन्यांच्या सरावातूनच घडतो, आणि तो घडण्यापूर्वी खरोखरच नसतो. ॲरिस्टॉटलने ‘आत्म्याविषयी’ या ग्रंथात शक्यतेचे दोन स्तर वेगळे केले आहेत: ज्याला व्याकरण शिकता येईल तोही संभाव्य अर्थाने जाणता आहे आणि ज्याला ते येते पण या क्षणी तो ते वापरत नाही तोही, मात्र दोघांची संभाव्यता एका प्रकारची नाही. रूस्टर्सच्या बचावफळीतील जुने खेळाडू दुसऱ्या प्रकारचे होते. त्यांच्यापुरते पतंजली पुरेसे आहेत. ह्यूज पहिल्या प्रकारचा होता, आणि त्याच्या बाबतीत नैयायिकांचे म्हणणे अधिक खरे ठरते, फक्त त्यांना एवढे मान्य करावे लागेल की शिकण्याची योग्यता ही आधीपासूनची होती.

येथून श्रेयाचा प्रश्न उपस्थित होतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि या पाचांतून जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी आहे असे तेथे बजावले आहे. हा उपदेश सामान्यतः अहंकारी कर्त्याला उद्देशून वाचला जातो, परंतु तो जितका यशस्वी माणसाला लागू आहे तितकाच, किंबहुना अधिक, अपयशी ठरवल्या गेलेल्याला लागू आहे. पाचांपैकी चार कारणे प्रतिकूल असताना जो चमकला नाही, त्याच्याविषयी ‘हा वरिष्ठ दर्जाचा खेळाडूच नव्हे’ असा निवाडा देताना निवड करणारे परिस्थितीच्या पुराव्यावरून प्रकृतीविषयी विधान करत असतात, आणि हे अनुमान सदोष आहे. क्लबने एकूण किती वेतन द्यावे यावर जेथे कमाल मर्यादा घातलेली आहे, तेथे अशा निवाड्याने माणसाची किंमत रोकड्या पैशांत ठरते. बावीस-तेवीस वर्षांचा जो मुलगा बेलॅमींच्या दारापर्यंत पोहोचतच नाही, त्याच्याविषयीचा निवाडा चुकीचा होता हे सिद्ध करणारी संधी कधी येतच नाही, आणि तो स्वतःही तो निवाडा सत्य मानून उरलेले आयुष्य काढतो. ह्यूजसारख्यांच्या यशाने ज्यांना समाधान वाटते त्यांनी या अन्यायाचा विचार टाळू नये, कारण ते यश याच अन्यायाचा सर्वांत सबळ पुरावा आहे.

हाच न्याय प्रशिक्षकांनाही लावला पाहिजे, कारण तेही पाच कारणांपैकी एकच आहेत. वेन बेनेट यांनी ब्रिस्बेनला सहा विजेतेपदे मिळवून दिली आणि २०१० साली सेंट जॉर्ज इलावाराला त्या संयुक्त क्लबचे पहिले विजेतेपद दिले. परंतु त्याच बेनेट यांना न्यूकॅसलमध्ये २०१२ ते २०१४ या तीन हंगामांत अंतिम सामनाही गाठता आला नाही, आणि त्यांचे ज्ञान त्या तीन वर्षांपुरते कोठे गेले असे कोणी विचारत नाही, कारण ते कोठेही गेलेले नव्हते. ‘नवा गडी, नवे राज्य’ या न्यायाने जुन्या प्रशिक्षकाच्या नावावर काट मारण्याची क्लबांची सवय या दृष्टीने अविचाराची आहे. २०१३ च्या विजेत्या रूस्टर्स संघात जॅरेड वाएरिया-हारग्रीव्ह्ज होता, जो २०१० साली म्हणजे स्मिथ यांच्या पहिल्या हंगामात क्लबमध्ये आला. बॉइड कॉर्डनर आणि रॉजर तुइवासा-शेक होते, ज्यांना वरिष्ठ संघात पहिल्यांदा अनुक्रमे २०११ आणि २०१२ साली, म्हणजे संघ घसरत असल्याच्या वर्षांत, स्मिथ यांच्याच कारकिर्दीत उतरवले गेले. रॉबिन्सन यांनी फोडलेले बांध खरे होते, पण ज्या पाण्यासाठी ते फोडले त्यातील बरेचसे आधीच्या दोन पराभूत हंगामांत साठत आले होते, आणि २०१३ च्या यशाचा हिशेब मांडताना त्या दोन हंगामांना कारणांच्या यादीतून वगळणे हे दर्शनशास्त्राच्या कोणत्याही पक्षाला मान्य होणारे नाही.