रक्ताला विचारलेला प्रश्न

श्रीपूरच्या एसटी थांब्यावर परवा एक जुना विद्यार्थी भेटला. आता तो लॅब टेक्निशियन आहे. अकरावी-बारावीच्या मुलांकडून एचआयव्हीबद्दलची एक प्रश्नावली भरून घ्यायची आहे, असं मी त्याला सांगत होतो. तो म्हणाला, "सर, कशाला कागद घालवताय? पोरं वाट्टेल ते लिहितात. रक्त खोटं बोलत नाही." त्याची गाडी आली, तो गेला. वाक्य मात्र डोक्यातून जाईना, कारण ते मला पटलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका अकरावीच्या वर्गात मी अशीच प्रश्नावली भरून घेतली होती. नाव लिहायचं नव्हतं. तरी एका बाकावरच्या तिघांच्या खुणा हुबेहूब सारख्या होत्या. एकानं 'नाही'समोर इतक्या जोरात खूण केली होती की कागद फाटला होता. बाकांमधून वर्गशिक्षक फेऱ्या मारत होते.

आणि पुरावेही त्या टेक्निशियनच्याच बाजूचे. टांझानियातल्या म्वांझा भागात २० वस्त्यांमध्ये शाळकरी मुलांसाठी मोठा कार्यक्रम झाला. मुलांचं ज्ञान वाढलं, त्यांनी सांगितलेलं वर्तनही काहीसं सुधारलं. रक्त तपासलं तेव्हा एचआयव्हीच्या संसर्गात फरक दिसला नाही. पुढे एचआयव्ही टाळण्याच्या औषधांच्या 'व्हॉइस' चाचणीत दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या ५,०२९ स्त्रिया होत्या. औषध नेमानं घेतो असं सुमारे ९० टक्के वेळा सांगितलं गेलं. रक्ताच्या नमुन्यांत ते जेमतेम ३० टक्क्यांत किंवा त्याहून कमी सापडलं.

आमच्या भागाला हे नवीन नाही. ऊस पक्व झाला की नाही हे शेतकऱ्याच्या शब्दावर ठरत नाही, रसाच्या गोडीचा आकडा, म्हणजे ब्रिक्स, पाहिला जातो. पण तोच शेतकरी वजनाच्या काट्यापाशी येतो तेव्हा म्हणतो, काटा कुणाच्या ताब्यात आहे ते आधी सांगा. मोजमापावर विश्वास ठेवायचा तर मोजणाऱ्यावरही ठेवावा लागतो, हे ऊसपट्ट्यात पोरासोरालाही कळतं. वर्गात मात्र आपण ते विसरतो.

म्हणून खोटं बोलणं आणि सांगता न येणं, हे मी नेहमी वेगळं धरतो. खोटं बोलणाऱ्याला काहीतरी मिळवायचं असतं. सांगता न येणाऱ्याला काहीतरी गमावायची भीती असते. आपल्या कायद्यात संमतीचं वय १८ आहे, आणि अठराच्या आतल्यांशी संबंधाची माहिती असणाऱ्यावर ती कळवण्याचं बंधनही आहे. अशा वेळी सतरा वर्षांच्या पोरानं फिरत्या शिक्षकासमोर 'होय' लिहिणं म्हणजे कबुलीजबाबच. आपल्याच महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतलं किशोरवयीन शिक्षण बंद पाडलं गेलं. ज्या विषयाचे शब्द आपण मुलांना दिले नाहीत, त्यावर खरं बोला म्हणायचा आपला हक्क किती?

बरं, रक्त तरी काय सांगतं? जवळच पंढरपूरला मंगलताई शहा यांच्या 'पालवी'त एचआयव्हीसह जगणारी मुलं राहतात. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या मुलाचं वर्तन काय तपासणार? उलट, ज्या पोरानं एकदाही काळजी घेतली नाही त्याचं रक्त 'निगेटिव्ह' येऊ शकतं, कारण समोरच्याला संसर्गच नव्हता. शिवाय नव्या संसर्गात अँटिबॉडी दिसायला काही आठवडे जातात. रक्त खोटं बोलत नाही, हे खरंच. पण ते वागण्याबद्दल बोलतच नाही, संसर्गाबद्दल बोलतं. टेक्निशियननं उत्तर खरं दिलं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं.

इथवर आलो तेव्हा वाटलं, प्रश्नावलीच्या बाजूनं जिंकलो. पण 'व्हॉइस'चा पुढचा भाग आठवला आणि मी थबकलो. त्या स्त्रियांपैकी काहींना नंतर त्यांच्याच रक्ताचे अहवाल दाखवले गेले. तेव्हा बऱ्याच जणी मोकळेपणानं बोलल्या: दुष्परिणामांची भीती होती, गोळ्या पाहून लोक एड्सचा संशय घेतील असं वाटत होतं. त्यांना बोलतं केलं ते तपासणीनंच. अहवाल त्यांच्या हातात ठेवला होता, त्यांच्यावर उगारला नव्हता. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात तपासणीआधी माहितीसह संमती आणि समुपदेशन सक्तीचं आहे, ते मला आजवर औपचारिकता वाटत होतं.

प्रश्नावली मी टाकून दिलेली नाही. तिच्यातला 'कधी संबंध आले आहेत का?' हा पहिला प्रश्न खोडून तिथे लिहिलं आहे: 'काही विचारायचं झालं तर कुणाकडे जाशील?' वर्गशिक्षकांनी तेवढा तास स्टाफरूममध्ये बसायचं कबूल केलं आहे. आणि त्या टेक्निशियनलाही बोलावलं आहे, सुई न घेता.