आधी आपल्या गोदामाचा हिशेब

एप्रिल 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात, रोहिणा गावी, मेफेड्रोन (एमडी) बनवणारा कारखाना पकडला. 11 किलोंहून जास्त एमडी सापडले आणि पकडलेल्यांत एक पोलीसही निघाला. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या माणसाला लातूर म्हणजे शेजारचाच जिल्हा. तरीही अमली पदार्थांचा विषय निघाला की आपले बोट सरहद्दीपलीकडेच जाते. त्याला आधार नाही असे नाही. सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरात सापडलेले सुमारे 3,000 किलो हेरॉइन अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आले होते. पण या सवयीमुळे आपली मुत्सद्देगिरी कायम फिर्यादीची राहिली. माल आपल्याच खेड्यापाड्यांत शिजू लागल्यावर ही भूमिका अपुरी पडते. आता उत्पादक देश म्हणून, स्वतःचा हिशेब पुढे ठेवून आपण बोलणी केली पाहिजेत.

याला इतिहासातला दाखला आहे आणि तो मुंबईशी जोडलेला आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. शहरातल्या मोठमोठ्या देणग्यांमागे त्या व्यापाराचा पैसा होता, हे आपण सहसा बोलत नाही. 1907 मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात ठरले की हिंदुस्थानातली निर्यात दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायची आणि चीनने आपल्याकडची लागवड त्याच गतीने मोडायची. कलकत्त्याच्या लिलावावर नजर ठेवायला चिनी अधिकाऱ्याला मुभा मिळाली, तर चीनच्या प्रांतांत पिकाची पाहणी ब्रिटिशांनी केली. मुदतीच्या आधीच, 1913 मध्ये, चीनसाठीची विक्री थांबली. पुढे लष्करशहांच्या काळात चीनमध्ये अफू पुन्हा पिकली, मग करार फसलाच, असे कोणी म्हणेल. पण ती अफू हिंदुस्थानची नव्हती. हिंदुस्थानच्या बाजूने स्वतःच्या मालावर परक्याची नजर मान्य केली आणि तिथला पुरवठा आटला. चीनमध्ये मात्र करार राबवणारी सत्ताच उरली नाही.

आजची व्यवस्था कागदावर त्याहून कितीतरी भक्कम आहे. 1988 च्या व्हिएन्ना कराराने अमली पदार्थांबरोबर ते बनवण्याची रसायनेही यादीत घेतली. 2006 पासून अशा रसायनाची खेप निघण्याआधी आयातदार देशाला ऑनलाइन सूचना देता येते. एफेड्रिन या यादीत आहे. तरीही 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतून सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त केले. तपासाचे धागे केनियापर्यंत गेले. निर्यातीच्या दारावर पहारा होता, पण माल गोदामातूनच गळत होता आणि तिथे निर्यातीच्या सूचनेची ही व्यवस्था पोचत नाही. 2013 च्या केंद्रीय आदेशाप्रमाणे अशा रसायनांच्या धंद्याला नोंदणी आणि तिमाही विवरण लागते. ते विवरण कंपनीच भरते. ताडकळसच्या शेतकऱ्याला अनुदानाच्या युरियाची एक गोणी घ्यायची तर मशीनवर अंगठा द्यावा लागतो. मग एफेड्रिनच्या पिंपाला विक्रीगणिक अशीच मशीनवरची नोंद का नको?

उद्योगाचे म्हणणे असते की जास्त बंधने घातली तर औषधनिर्मिती अडेल. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. 1985 च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले आणि ती चूक सुधारायला 2014 ची दुरुस्ती यावी लागली. पण तिथे अडचण परवान्यांच्या ढिगाची होती. इथे मागणी नवा परवाना लावण्याची नसून झालेल्या विक्रीचा माग ठेवण्याची आहे. दुसरे म्हणणे असे, की आरोपी परदेशातून आणता आले की पुरे. सांगलीतल्या इरळीच्या मेफेड्रोन प्रकरणातले दोन संशयित 2025 मध्ये संयुक्त अरब अमिरातीतून आणले गेले. अमली पदार्थांच्या तस्करीतला आरोपी इक्बाल मिर्ची याला लंडनहून आणणे शेवटपर्यंत जमले नव्हते, हे आठवले की या यशाचे मोल कळते. मात्र माणूस हाती लागला तरी कच्चा माल बाजारात राहतो आणि दुसरा कोणी दुसऱ्या शिवारात शेड भाड्याने घेतो.

व्हिएन्नात दर मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाची बैठक भरते. तिथे भारताने शेजाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी जरूर मांडाव्यात. पण त्याआधी आपल्या रसायनांच्या देशांतर्गत विक्रीची नोंद आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुली करण्याची तयारी जाहीर करावी.