पडद्यावरचे प्रत्यक्ष

ज्ञान खरे कशावरून मानावे, या प्रश्नाचा आपल्याकडील दर्शनकारांनी इतक्या चिकाटीने पाठपुरावा केला आहे की, प्रमाणे किती मानावीत याविषयीच त्यांच्यात शतकानुशतके वाद चालले. चार्वाकाने एकट्या प्रत्यक्षावर भिस्त ठेवली. नैयायिकांनी अनुमान, उपमान आणि शब्द यांना त्याच्या पंक्तीस बसविले. भाट्ट मीमांसकांनी व अद्वैत वेदान्त्यांनी ही संख्या सहावर नेली. या साऱ्या वादात एक गोष्ट मात्र सर्वच पक्षांनी गृहीत धरली होती, ती ही की, आपण डोळ्यांनी काय पाहिले आणि दुसऱ्याच्या तोंडून काय ऐकले, एवढा भेद तरी ज्ञात्याला स्वतःला कळतो. घरोघरी पोचलेल्या दूरचित्रवाणीने नेमका हाच भेद पुसट करून टाकला आहे.

इंद्रियाचा विषयाशी संनिकर्ष, म्हणजे थेट संबंध, झाल्यावाचून न्यायमतात प्रत्यक्ष संभवत नाही. पडद्यावर मोर्चा पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा संनिकर्ष काचेशी झालेला असतो, मोर्चाशी नव्हे. कॅमेरा कोठे उभा करावा, किती वेळ दाखवावे आणि काय कापावे, हे सारे कोणी तरी ठरविलेले असल्यामुळे ते ज्ञान वस्तुतः शब्दप्रमाणाच्या कोटीतले, म्हणजे साक्षीदाराच्या भरवशावरचे असते. साक्षीदार आप्त, म्हणजे विश्वासार्ह, आहे की नाही, याची खातरजमा करण्याची आपली रीत जुनी आहे. तहसिलीत दाखल होणाऱ्या साध्या पंचनाम्यावरही पंचांची नावे व सह्या लागतात, आणि प्रसंग पडल्यास त्यांची उलटतपासणी होते. पडद्यावरचा पंचनामा मात्र पंचांवाचून आपल्यासमोर येतो, आणि तो आपण स्वतःच पाहिला अशा समजुतीने त्यावर आपलीच सही करून मोकळे होतो.

एका दिवसाच्या दर्शनाने काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षांच्या संस्काराचा. बुडापेस्टमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले जॉर्ज गर्बनर यांनी फिलाडेल्फिया येथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून या संस्काराचा अभ्यास चालविला. १९७६ मध्ये लॅरी ग्रॉस यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी असे दाखविले की, दूरचित्रवाणी पुष्कळ पाहणारे लोक, थोडी पाहणाऱ्यांच्या तुलनेने, आपण हिंसेला बळी पडण्याचा संभव अधिक मानतात आणि जगाकडे अधिक संशयाने पाहतात. या निष्कर्षांवर आक्षेपही आले. शिक्षण, उत्पन्न, वस्ती यांचा हिशेब एकत्र धरला म्हणजे हा संबंध बराच क्षीण होतो, असे टीकाकारांनी दाखविले. तथापि रोजच्या पाहण्याची तुलना गर्बनर यांनी धर्माशी, त्यातील विधीशी आणि आवर्तनाशी केली होती, आणि नामस्मरणाच्या व सप्ताहाच्या परंपरेत वाढलेल्या मराठी माणसाला तरी, पुनरावृत्तीने चित्त घडते, हे निराळे सिद्ध करून दाखविण्याचे कारण नाही.

यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे, कारण हा जिल्हा पाहतो त्याहून अधिक पाहिला गेला आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व मुलांसह जीवन संपविले, तेव्हा खासगी वृत्तवाहिन्या जन्मालाही आल्या नव्हत्या. पुढे त्या आल्या, कर्जाचे व नापिकीचे बळी वाढत गेले, २००६ मध्ये पंतप्रधानांचा विदर्भ दौरा झाला, आणि भेगाळलेली जमीन, हार घातलेली तसबीर व तिच्याशेजारी बसलेली विधवा, एवढ्या तीन वस्तूंत कापसाचा हा सबंध जिल्हा मावू लागला. त्या तिन्ही वस्तू खऱ्या आहेत, आणि त्यांमागील दुःख तर कोणत्याही चित्रात मावण्यापलीकडचे आहे. परंतु भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी नावाचे जे सहावे प्रमाण मानले, त्याचा येथे विपरीत प्रयोग होतो. असती तर दिसलीच असती अशी वस्तू जेथे दिसत नाही, तेथेच तिचा अभाव सिद्ध होतो, ही त्या प्रमाणाची अट आहे. प्रेक्षक ही अट विसरतो आणि पडद्यावर जे दिसले नाही ते जगातच नाही असे मानून चालतो. नवऱ्याच्या मागे सात-बारा आपल्या नावे करून घेण्यासाठी पटवाऱ्याकडे खेटे घालणारी, मुलांच्या शाळेचे दाखले सांभाळणारी, पुढच्या हंगामाचे बियाणे उधारीवर उचलणारी बाई त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते झाले आणि त्या स्वतःच्या शब्दांत बोलल्या, तेव्हा पुष्कळांना जो विस्मय वाटला, तो या खोट्या अनुपलब्धीचाच पुरावा होता.

याच जिल्ह्यात पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात अवनी या नावाने गाजलेली वाघीण वावरत होती. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर ठेवण्यात आले, आणि २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती मारली गेली. शहरातल्या प्रेक्षकाने पडद्यावर पाहिले ते दोन बछड्यांची आई असलेले देखणे जनावर. ऐन वेचणीच्या दिवसांत घोळक्याने शेतात जाणाऱ्या आणि सूर्य कलण्याआधी परतणाऱ्या माणसांनी अनुभवले ते भय. दोघांचाही आपल्या ज्ञानावर सारखाच विश्वास होता. वाघिणीला मारावे की न मारावे, हा वाद प्रामाणिकपणे होऊ शकला असता. पण एका पक्षाला आपले ज्ञान ऐकीव आहे याचाच विसर पडल्यामुळे तो वाद पुष्कळदा सुरूच झाला नाही.

आता पाहणाऱ्या यवतमाळकडे वळू. दिवाळीच्या सुमारास या भागातल्या कित्येक कास्तकारांच्या घरात छताला टेकेल एवढा कापूस भरलेला असतो, आणि त्याच खोलीच्या उरलेल्या कोपऱ्यात टीव्ही चालू असतो. कमरेच्या ओटीत दिवसभर वेचलेला कापूस मोजून देऊन, बोंडाच्या वाळक्या टोकांनी ओरखडलेल्या बोटांनी भाकरी थापणारी बाई ज्या मालिका पाहते, त्यांतल्या बायका रात्रीही भरजरी शालूत वावरतात, आणि त्या घरात पैसा कोठून येतो, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या गोष्टी कल्पित आहेत हे तिला पक्के ठाऊक असते. तरीही लग्न म्हणजे काय, याची कल्पना त्या घरांतून तिच्या घरात येतेच. हळदीच्या जोडीला मेहंदी आणि संगीत या नव्या विधींची गरज मुलींना वाटू लागते, आणि त्याचा खर्च सावकाराच्या वहीत जाऊन बसतो. कथेवर विश्वास न ठेवताही कथेतले प्रमाण मात्र आपण उचलतो, ही या संस्काराची खरी ताकद आहे.

म्हणून पडदाच फोडावा, असे कोणी म्हणेल तर ते अविचाराचे होईल. रॉबर्ट जेन्सन व एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतातल्या ज्या खेड्यांत केबल पोचली तेथे बायकोला मारणे रास्त मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण व मुलग्याचा हव्यास ही दोन्ही घटल्याचे आढळले. मालिकेतली नोकरी करणारी, उलट उत्तर देणारी सून पाहून जर एखाद्या बाईला मार खाणे हे आपले प्राक्तन नव्हे असे वाटले, तर त्या संस्काराला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? संस्कार बरा की वाईट हा प्रश्न वेगळा, आणि तो संस्कार आहे हे ओळखणे वेगळे.

उपनिषदांनी श्रवणानंतर मनन सांगितले, ते यासाठीच. ऐकलेल्यावर शंका घेणे, ते युक्तीने तपासणे आणि मग चित्तात मुरू देणे, हा त्यातला क्रम होय. दूरचित्रवाणी श्रवण आणि दर्शन दोन्ही विपुल देते. पण एका बातमीवर दुसरी, एका भागावर पुढचा भाग असा तिचा ओघ अखंड असल्यामुळे मननाला फुरसत उरत नाही, आणि तपासणीवाचूनच सारे मुरत जाते. ही फुरसत पडदा देणार नाही. ती पाहणाऱ्यानेच काढली पाहिजे. पुण्याच्या दिवाणखान्यात यवतमाळ पाहणाऱ्याने आणि घाटंजीच्या घरात पुणे पाहणाऱ्याने, 'हे मला ठाऊक आहे' असे म्हणण्यापूर्वी, आपल्या हाती आहे ती केवळ एक साक्ष असून तिची उलटतपासणी अजून बाकी आहे, एवढे स्वतःला बजावले, तरी ज्या माणसांना आपण कधी भेटलो नाही त्यांच्यावर निकाल देण्याचा अन्याय पुष्कळ अंशी टळेल.